'स्टॅट' म्हणजे नेमकं कधी? आणि किती वेळा?



मधुमेह, रक्तदाब, मलेरिया, सर्पदंश यांवर मी नेहमी लिहितो. आज लिहिणार आहे एका शब्दावर. हा शब्द तुमच्या चिठ्ठीवर असतो, डिस्चार्ज कार्डावर असतो, रुग्णालयात डॉक्टर सिस्टरला मोठ्याने सांगतात तेव्हा कानावर पडतो. तो म्हणजे 'स्टॅट'. माझं स्पष्ट मत आहे की रुग्णाच्या हातात जाणाऱ्या कागदावरून हा शब्द आणि त्याची सगळी लॅटिन भावंडं हद्दपार झाली पाहिजेत. माझे काही डॉक्टर मित्र हे वाचून नाराज होतील. होऊ देत. आधी माझीच चूक सांगतो.

ती चिठ्ठी माझी होती

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा संपत आला होता. सिरोंचा भागात हे मलेरियाचे दिवस. असरअल्लीच्या बाजूच्या एका गावातून पस्तिशीचा एक शेतकरी तापाने फणफणत आला. रक्त तपासलं तर फाल्सिपेरम मलेरिया. गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला तेव्हा ताप उतरणीला लागला होता. मी नियमाप्रमाणे प्रायमाक्विन लिहिलं: १५ मिलिग्रॅमच्या ३ गोळ्या, आणि पुढे 'स्टॅट'. म्हणजे ४५ मिलिग्रॅम, आत्ता, एकदाच.

तीन दिवसांनी त्याचा मुलगा त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून एकाने धरून, घेऊन आला. डोळे पिवळे, ओठ पांढरे, चार पावलं चाललं की धाप. लघवीचा रंग विचारला तर मुलगा म्हणाला, "काळ्या चहासारखी." हिमोग्लोबिन ६ वर आलं होतं.

"गोळ्या कशा घेतल्या?" मी विचारलं.

मुलाने खिशातून स्ट्रिप काढली. दहातली एक गोळी उरली होती. "साहेब, रोज तीन. तुम्हीच लिहिलं होतं ना, स्टार्ट म्हणून?"

मुलगा बारावीपर्यंत शिकलेला. त्याने चिठ्ठी नीट वाचली होती. त्याच्या माहितीत 'स्टॅट' असा शब्दच नव्हता, 'स्टार्ट' होता. डॉक्टर घाईत एक अक्षर खाऊन गेले असतील असं त्याला वाटलं आणि त्याने गोळ्या 'स्टार्ट' केल्या. मी किती गोळ्या द्यायच्या तो आकडा लिहिला नव्हता, म्हणून मेडिकलवाल्याने अख्खी स्ट्रिप दिली. माझ्या बाजूला रुग्णांची रांग होती. मी तोंडाने काही सांगितलं होतं का, ते मला आजही आठवत नाही.

काही लोकांच्या तांबड्या पेशींमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा माणसाला प्रायमाक्विन जास्त दिलं तर पेशी फुटतात, रक्त उतरतं आणि लघवी काळी होते. या माणसाचं तेच झालं होतं. त्याला नदीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं, दोन पिशव्या रक्त चढवलं आणि तो वाचला. त्या कुटुंबाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट, "आमच्याच वाचण्यात चूक झाली," असं म्हणून मुलगा माझी माफी मागत होता. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. चूक लिहिण्यात होती.

हा शब्द आला कुठून?

'स्टॅट' हे 'स्टॅटिम' या लॅटिन क्रियाविशेषणाचं अर्धं तोडलेलं रूप आहे. लॅटिनमध्ये 'स्तारे' म्हणजे उभं राहणं. आपल्या संस्कृतमधला 'स्था' हा धातू त्याचाच सख्खा भाऊ. त्यावरून आपल्याकडे 'स्थान', 'स्थिर', 'स्थिती' हे शब्द आले. जुन्या लॅटिनमध्ये 'स्टॅटिम'चा एक अर्थ होता 'ठामपणे, पाय न हलवता'. त्यातूनच दुसरा अर्थ आला: 'जागच्या जागी, तिथल्या तिथे', म्हणजे लगेच. आपणही 'उभ्या उभ्या' म्हणतोच की. "उभ्या उभ्या चहा घेतला आणि निघालो." उभं असण्यातून घाईचा अर्थ आपल्यालाही सुचला आणि रोमन माणसालाही.

लॅटिनमध्ये हा शब्द वापरायची आणखी एक पद्धत होती: 'स्टॅटिम उत'. अर्थ असा, की 'अमुक झालं रे झालं, की लगेच'. म्हणजे नुसतं 'लगेच' सांगून न थांबता, कशानंतर लगेच हेही सांगायची सोय त्या भाषेत होती. आम्ही डॉक्टरांनी तेवढंच नेमकं गाळलं.

आता महत्त्वाचा मुद्दा. 'स्टॅटिम'चा अर्थ 'लगेच' आहे, 'एकदाच' नाही. एकदासाठी लॅटिनमध्ये वेगळा शब्द आहे, 'सेमेल'. पण चिठ्ठीवर 'स्टॅट' लिहिताना आमच्या मनात दोन्ही अर्थ असतात: आत्ता आणि एकदाच. पहिला अर्थ शब्दात आहे. दुसरा फक्त आमच्या डोक्यात आहे, कारण वरिष्ठांना तसं लिहिताना पाहून आम्ही ते उचललं. जो अर्थ कागदावर नाहीच, तो रुग्णाने कुठून वाचावा?

आणि प्रायमाक्विनच्या बाबतीत हा 'एकदाच' किती मोलाचा आहे पाहा. फाल्सिपेरम मलेरियात मोठ्या माणसाला ते एकदाच ४५ मिलिग्रॅम देतात, म्हणजे त्याच्या रक्तातून डासामार्फत पुढे मलेरिया पसरू नये. व्हायवॅक्स मलेरियात तीच गोळी रोज १५ मिलिग्रॅम, १४ दिवस देतात, म्हणजे यकृतात लपलेले जंतू मरावेत. गोळी तीच, स्ट्रिप तीच. एकाला एकदा, दुसऱ्याला चौदा दिवस. शेजाऱ्याने चौदा दिवस घेतलेली गोळी आपणही रोज घ्यायची असेल, असं कुणाला वाटलं तर त्यात नवल काय?

लॅटिन भावंडं

'स्टॅट'ची इतर भावंडंही तुमच्या चिठ्ठीवर असतात.

• बीडी: 'बिस', म्हणजे दोनदा. दिवसातून दोन वेळा.
• टीडीएस: 'तेर', म्हणजे तीनदा. दिवसातून तीन वेळा.
• एचएस: झोपताना.
• एसओएस: 'सी ओपुस सित', म्हणजे गरज पडली तर.

'बिस' आणि 'तेर' हीसुद्धा क्रियाविशेषणंच, संस्कृतच्या 'द्विः' आणि 'त्रिः'ची नातेवाईक. भाषेच्या अभ्यासकाला यात मौज वाटेल. तापाने डोकं फुटत असलेल्या माणसाला वाटणार नाही. एसओएस वाचून "डॉक्टरांनी सिरीयस लिहिलंय" असं समजून रडत आलेली बाई मी पाहिली आहे. जहाज बुडताना देतात तो इशारा तिच्या मुलाने टीव्हीवर पाहिला होता. गोळी होती पॅरासिटामॉलची, ताप आला तरच घ्यायची.

चिठ्ठीच्या माथ्यावर जे 'आर' आणि 'एक्स'सारखं चिन्ह असतं, तेही लॅटिनच. 'रेसिपे', म्हणजे 'घ्या'. एके काळी युरोपातले डॉक्टर आणि औषध बनवणारे लॅटिनमध्येच शिकत, म्हणून चिठ्ठ्याही लॅटिनमध्ये असत. १६१८ सालचा लंडनचा औषधकोश लॅटिनमध्ये होता. पण १८६४ मध्ये पहिला ब्रिटिश औषधकोश निघाला तो इंग्रजीत. ज्यांनी हे लॅटिन आपल्याकडे आणलं, त्यांनी स्वतःच्या लोकांसाठी दीडशे वर्षांपूर्वीच भाषा बदलायला घेतली होती. आज ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या हाताशी असतं ते औषधांचं अधिकृत पुस्तकही सांगतं की सूचना शक्यतो इंग्रजीत आणि पूर्ण शब्दांत लिहाव्यात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये धोकादायक संक्षेपांची यादी काढली. त्यात 'क्यूडी' आहे: लॅटिनमध्ये 'रोज एकदा', पण घाईत तेच 'दिवसातून चार वेळा' असं वाचलं जायचं.

आणि आपण? आपल्याकडे २०१६ मध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेत दुरुस्ती झाली: औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा. चांगलं झालं. पण अक्षर कितीही सुंदर काढलं तरी लॅटिन ते लॅटिनच राहतं. माझ्या त्या चिठ्ठीतलं अक्षर वाईट नव्हतं. मुलाने प्रत्येक अक्षर बरोबर वाचलं होतं.

सिरोंचात 'लगेच' म्हणजे किती वाजता?

मोठ्या शहरातल्या अतिदक्षता विभागात 'स्टॅट'ला अर्थ आहे. औषध कपाटात आहे, सिस्टर बाजूला उभी आहे, डॉक्टर म्हणाले 'स्टॅट' की दोन मिनिटांत सुई टोचली जाते. तिथे सगळे एकाच भाषेत शिकलेले असतात. तिथे त्यांनी तो शब्द खुशाल वापरावा, फक्त शेजारी घड्याळातली वेळ लिहावी.

तोच शब्द कागदावर बसून सिरोंचाला येतो तेव्हा काय होतं? जिल्ह्याचं ठिकाण साधारण २०० किलोमीटर, मध्ये आलापल्लीचा जंगलातला रस्ता. जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि प्राणहितेला पूर आला तेव्हा गावंच्या गावं हलवावी लागली होती. झिंगानूरकडच्या माणसाला चिठ्ठी मिळाल्यापासून गोळी मिळेपर्यंत एक रात्रही जाऊ शकते. मग 'लगेच' कशापासून मोजायचं? चिठ्ठी लिहिल्यापासून? गोळी विकत घेतल्यापासून? घरी पोचून जेवल्यावर? मध्ये रात्र गेली तर सकाळी घ्यायची की आता उपयोग नाही म्हणून सोडून द्यायची? 'स्टॅट' यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.

शिवाय भाषा. माझ्या दवाखान्याच्या बाकावर एकाच वेळी तेलुगू, माडिया, मराठी आणि थोडी हिंदी चालू असते. या चारही भाषांत 'लगेच' आणि 'एकदाच' म्हणता येतं. तेलुगूत 'वेंटने' म्हणजे लगेच, 'ओक्कसारे' म्हणजे एकदाच. माझ्या बाकावर बसलेल्या माणसांपैकी कुणाच्याही घरात लॅटिन बोलत नाहीत. तरी चिठ्ठी लॅटिनमध्ये.

माझ्या डॉक्टर मित्रांचे तीन आक्षेप

पहिला: "वेळ नाही." 'आत्ता एकदाच' लिहायला 'स्टॅट'पेक्षा चार सेकंद जास्त लागतात. मी मोजले आहेत. त्या रुग्णासाठी रक्त शोधायला, गाडी शोधायला, त्याच्या बायकोला समजावायला माझा अख्खा दिवस गेला. चार सेकंद वाचवून मी काय कमावलं?

दुसरा: "मेडिकलवाल्याला कळतं, तो सांगतो." कधी सांगतो, कधी काउंटरवर त्याचा नवीन पोरगा असतो. आणि सांगणारा माणूस घरी जात नाही, कागद जातो. रात्री दिव्याखाली सुनेच्या हातात कागदच असतो.

तिसरा, आणि मला सगळ्यात न पटणारा: "आपल्याकडच्या लोकांना लिहून तरी काय कळणार?" याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळ दूध पीत नाही, मलूल झालंय, अंग गार पडलंय ही लक्षणं त्यांनी त्यांच्या भाषेत शिकून घेतली. जंतुसंसर्ग ओळखून, घरी जाऊन, वेळेवर इंजेक्शनसुद्धा दिलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. खरं 'स्टॅट' हे होतं. बाळ आजारी पडलं की तिथल्या तिथे उपचार. तो त्या बायकांनी एकही लॅटिन शब्द न वापरता करून दाखवला. तेव्हा "लोकांना कळत नाही" असं म्हणण्याआधी आपण त्यांना कळेल असं सांगितलं का, ते पाहू या.

माझ्या मते लॅटिन टिकलं आहे त्याचं खरं कारण वेगळं आहे. न कळणाऱ्या शब्दांनी डॉक्टरचं वजन वाढतं असं आम्हाला वाटतं. रुग्णाला प्रश्न पडत नाहीत, पडले तरी तो विचारत नाही. हे सोयीचं आहे, पण सुरक्षित नाही.

आता थोडं तुमच्याकडे

मंडळी, 'लगेच'चा गैरवापर तुम्हीही करता. "साहेब, लगेच बरं वाटलं पाहिजे, सुई लावा." "एक सलाईन चढवा, ताकद येईल." साध्या सर्दी-तापाला 'लगेच' काही लागत नाही, पाणी, आराम आणि गरज पडल्यास पॅरासिटामॉल पुरतं. उलट जिथे खरंच एक मिनिट घालवायचं नसतं, तिथे मांत्रिक, नवस, "सकाळी बघू" यात रात्र जाते. म्हणून लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टींत थांबायचं नाही, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या रुग्णालयात जा:

• साप चावला असेल. जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. तो भाग न हलवता न्या. सापाचं औषध रुग्णालयातच मिळतं.
• छातीत दाब आल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जातंय.
• गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला झटके आले, किंवा खूप रक्त जातंय.
• तापात माणूस बडबडतोय, गुंगीत आहे, झटके येतायत, किंवा लघवी काळी होतेय.
• नवजात बाळ दूध ओढत नाही, मलूल किंवा गार पडलंय.

आणि चिठ्ठी हातात पडली की खुर्चीवरून उठण्याआधी पाच प्रश्न विचारा. डॉक्टर चिडले तरी विचारा, तो तुमचा हक्क आहे:

१. ही गोळी कशासाठी?
२. एका वेळी किती, आणि दिवसातून किती वेळा?
३. पहिली केव्हा घ्यायची? घरी पोचायला रात्र झाली तर काय?
४. किती दिवस? की एकदाच?
५. काय झालं तर गोळी थांबवून परत यायचं?

उत्तरं तुमच्या भाषेत त्याच कागदाच्या मागे लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर सोबतच्या माणसाला किंवा आशाताईंना लिहायला सांगा. मेडिकलवाल्याने चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा जास्त गोळ्या दिल्या तर का, ते विचारा.

माझ्या टेबलावर काय बदललं

त्या दिवसानंतर मी 'स्टॅट' लिहिणं सोडलं. आता लिहितो: '३ गोळ्या. आज, जेवण झाल्यावर. फक्त एकदा. पुन्हा घेऊ नका.' शेजारी एकूण गोळ्यांचा आकडा. तेलुगू वाचणाऱ्यांसाठी माझा कंपाउंडर खाली तेलुगूत लिहितो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढतो, आणि त्याखाली गोळ्यांचे गोल. शेवटी एकच विचारतो: "सांगा बरं, घरी जाऊन काय करणार?" दहातले दोन-तीन जण आजही चुकीचं सांगतात. ते तिथेच दुरुस्त होतं. यात रुग्णामागे एखादं मिनिट जास्त जातं आणि बाहेरची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

तो शेतकरी अजून येतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या नातवाला ताप आला म्हणून घेऊन आला होता. मी चिठ्ठी लिहिली, तर त्याने ती मुलाकडे न देता माझ्याकडे परत सरकवली आणि म्हणाला, "साहेब, आधी वाचून दाखवा." मी वाचून दाखवली. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना हेच सांगा.

काळजी घ्या. आणि हो, हा लेख माहितीसाठी आहे. वाचून स्वतःच्या मनाने कुठलीही गोळी सुरू किंवा बंद करू नका.